रसभरीतला मोथा

९ ऑगस्ट २००४
गोंडपिपरीच्या अलीकडे खुर्शीदभाईंच्या वाडीवर पोचलो. फळांचे व्यापारी, माणूस दिलदार! दोन एकर रसभरी, मले सुपरवायझरकी, अन् बांधावर राहायले विटांची खोली. ओळींमधला मोथा, ते चिवट कंदाचं तण, संपवला का नोकरी पक्की. मंग साक्षीले आणतो. पाचवा महिना आहे तिले, गडचिरोलीले भावाच्या घरी अवघडून राह्यली बिचारी. मोथ्याची काय मजाल? कृषी डिप्लोमा काय उगाच केला!

१२ ऑगस्ट
निंदण पाहून डोकं फिरलं. मोथा उपटताना कंद मातीत तुटला, का गुणाबाई सगळ्या बायायले थांबवते. दुसरा अर्धा सापडेपर्यंत कोणी पुढं सरकत नाई. दिवसभरात एक ओळ! काऊन विचारलं, तं म्हणे इथचा मोथा अर्धा ठेवू नये, तो बसायले जागा शोधत येते. बाई, अशानं माझं लेकरू शाळेत जाईन तरी वाडी साफ होत नाई! उद्या पॉवर टिलर आणतो.

१३ ऑगस्ट
तीन तासांत फत्ते. गुणाबाई टोपलं उचलून घरी गेली. जाऊ दे.

१९ ऑगस्ट
हात टेकले बाप्पा! जेवढे तुकडे झाले तेवढे मोथे उगवले. रसभरी दिसूनच नाई राह्यली. तणनाशक मारलं, वरून जळला अन् खालून फुटला. खुर्शीदभाई पुढच्या शनिवारी, अठ्ठावीसले, पाहायले येतात. काय तोंड दाखवू?

२२ ऑगस्ट
भाजीले बटाटे चिरले. प्रत्येकातून मोथ्याचं टोक आरपार. मोथा बटाटा भेदते, हे शिकलो होतो. पण हे बटाटे शिक्यात टांगलेले होते.

२४ ऑगस्ट
फरशीच्या सांध्यांतून हिरवी टोकं. सकाळी उपटली, जेवेपर्यंत पुन्हा हजर. सगळी खाटेकडे वाकलेली. भेव वाटते आता.

२५ ऑगस्ट
टाचेत टोचलं. काटा समजून ओढला — पांढरं मूळ. आलं, आलं, अन् तुटलं. अर्धं आतच. लंगडत गुणाबाईच्या घरी गेलो. तिनं पायाकडे पाह्यलं अन् दार लोटलं. आतूनच म्हणाली, भाऊ, घरच्या माणसाले जवळ येऊ देऊ नको.

२६ ऑगस्ट
मेहुण्याले फोन लावला. खुशीत सांगते, साक्षी सकाळच्याच एस.टी.नं निघाली, तुम्हाले चकित करायचं होतं म्हणे. तिले फाट्यावरूनच परत पाठवतो — पाय टेकवत नाई — ठणक पिंडरीपर्यंत —

दुपार
आली. ओरडलो, आत येऊ नको. तापात बडबडतो समजली. पाय मांडीवर घेऊन चेपत बसली. ढकललं तिले —

ठणक थांबली. एकदम. टाच दाबून पाह्यली. आत काईच नाई.

साक्षी हसून राह्यली. बाळ पहिल्यांदाच हललं म्हणते. माझा हात धरून पोटावर —
हे हलणं नाई. टोचते. इथी एक, बाजूले दुसरं, ओळीनं — अन् ती म्हणते, पाहा न कसं —