बाबाचे पॉइंट

डोणगाव

गोकुळदादा,

तू पाठवलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बाबाच्या जुन्या फियाटले बसवलं. गाडी एका सेल्फात सुरू झाली, तू खूश!

पण बाबा रोज सकाळी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतले ठिणगीचे पॉइंट घासत, गाडी सुरू व्हावी म्हणून. सगळं विसरले, हे नाही. तुह्या इग्निशनात पॉइंटच नसतात. आता झाकण उघडतात अन् मलेच विचारतात, "बाई, माह्ये पॉइंट कोनं नेले?" धड जेवतही नाहीत. तू फोनवर म्हणतो, "समजावून सांग." कोणाले रे? पोरगी ओळखू येत नाही त्याह्यले!

काल मी जुने पॉइंट परत बसवून घेतले. आज गाडी अडली. बाबा दोन घंटे घासत बसले, मंग काळ्या हातानं आत येऊन म्हणाले, "भूक लागली."

तुले फोनवर सांगीन, तुही वस्तू मस्त चालून राह्यली. हे पत्र काही टाकत नाही.

अर्पिता