तू पाठवलेला स्टॅबिलायझर

प्रिय बाळ,

तू पाठवलेला स्टॅबिलायझर पोचला, आईच्या खोलीत भिंतीवर चढला आणि काल मी तो उतरवूनही घेतला. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला ‘हो ताई, बघतो ताई’ म्हणत दुसऱ्याच कुणाला तरी कामं सांगत असतोस. कागदावर निदान माझं बोलणं मध्येच कुणी तोडत नाही.

वस्तू देखणी आहे, नाही म्हणत नाही. पांढरीशुभ्र, हिरवे आकडे, वर सोनेरी स्टिकर. ‘सगळ्यात भारी घेतलाय, आता आईच्या ऑक्सिजनच्या मशीनची काळजी सोड,’ असं तू मोठ्या दिमाखात म्हणाला होतास. हवेची गादी पाठवलीस तेव्हाही हेच म्हणालास, आणि कॅमेरा पाठवलास तेव्हाही. कॅमेऱ्यातून तू आईला बघायचास, तिला तू दिसायचा नाहीस. तो तर विजेच्या पहिल्याच झटक्यात जळाला. सुटला बिचारा.

हे झटके खालच्या वेल्डिंगवाल्यामुळे बसतात. दुपारी त्याने एखादं फाटक जोडायला घेतलं की आमचा पंखा म्हाताऱ्यासारखा फिरतो आणि दिव्यांचा जीव जातो. गुडघे धरत जिना उतरून मी त्याला झापून आले. तर म्हणतो, ‘मावशी, मग काय मेणबत्तीवर वेल्डिंग करू?’ उत्तर चोख होतं, त्यामुळे जास्तच राग आला.

परवा दुपारी आईचं अंग पुसून, वेणी घालून तिला नुकतीच टेकवून बसवली होती. खाली ठिणग्या उडायला लागल्या. स्टॅबिलायझरने टक्क आवाज केला आणि मशीन बंद. वीज गेलेली नव्हती बरं का. पंखा पुन्हा नीट फिरायला लागला होता. मशीन मात्र भोंगा वाजवत बसलं आणि तुझी ती देखणी पेटी शांतपणे उलटे आकडे मोजत राहिली. कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलेंडर होता, भिंतीत दुसरा प्लगही होता. पण आईने माझं मनगट असं धरलं होतं की मला उठताच येईना. एवढ्याशा त्या काडीसारख्या हातात इतका जोर कुठून आला, देव जाणे.

मशीन आपलं आपण सुरू झालं. मग मी चष्मा लावून पेटीबरोबरचं माहितीपत्रक वाचलं. शाळेत सिस्टरांनी छड्या मारून इंग्रजी शिकवलं, ते बहुधा याच दिवसासाठी. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: फ्रिजसाठी. विजेचा दाब फार खाली गेला की हा पुरवठा तोडतो आणि मग तीन मिनिटं थांबून पुन्हा सोडतो, कॉम्प्रेसरला दम खाता यावा म्हणून. फ्रिजला दम खायला मिळावा म्हणून आई बिनदमाची राहिली, बाळ. तू खोका उघडून एकदा वाचलं असतंस तर कळलं असतं. पण तुझ्या वस्तू दुकानातून परस्पर येतात, तुझा हातही त्यांना लागत नाही.

काल वायरमनला बोलावून अदलाबदल करून घेतली. फ्रिजमागे तो जुना, राखाडी, सारखा गुणगुणणारा स्टॅबिलायझर होता ना, तो आता आईच्या मशीनला आहे. वायरमनने तपासून दिला. त्याला थांबणं ठाऊकच नाही. खाली वेल्डिंग सुरू झालं, त्याने दोनदा टकटक केली आणि मशीन चालू राहिलं. तुझा नवा फ्रिजला लावलाय. भाजी अगदी सुरक्षित आहे.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर लोकांना ‘थांबा, जोडून देते’ म्हणत आले. परवाची तीन मिनिटं मला आईला कुणाशीच जोडून देता येईना. आई डोळे मिटून, धापा टाकत एकच विचारत होती, ‘बाळ आला का?’ मी तिची पाठ थोपटून पाहिली, देवाचं नाव घेऊन पाहिलं. शेवटी घसा खाकरून, जाड आवाज काढून म्हणाले, ‘हो आई, आलोय. इथेच आहे.’ तिची पकड सुटली. श्वास सावकाश चालायला लागला. मशीन सुरू होईपर्यंत मी तूच होऊन बसले होते.

मशीनचा प्रश्न मिटला, पण हा मिटत नाही. तेव्हापासून ती माझ्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघते आणि विचारते, ‘आत्ता तर होता, कुठे गेला?’ मी सांगते, दुकानात गेलाय. मग ती दोन घास खाते आणि ताट बाजूला सारते, बाकीचं तुझ्यासाठी झाकून ठेवायला सांगते. काल तसंच केलं, आज सकाळीही. डॉक्टर म्हणतात, अशी उपाशी राहिली तर मशीनचा काही उपयोग नाही. जाड आवाज मी पुन्हा काढून पाहिला, पण आता ती डोळे उघडे ठेवते. मी फार दमलेय रे. आता काही पाठवू नकोस. ते झाकलेलं ताट संपवायला तू ये.

तुझीच,
ताई