एकोणीस बंद दारं

पुणे,
३ डिसेंबर २०२४

ती. बेबीनंदा आत्यास पायलचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून पत्र. मुंग्या चालताना वाटेवर वास सोडतात. जवळच्या वाटेवर फेऱ्या जास्त, म्हणून वास दाट, म्हणून मागच्याही तिकडेच वळतात. हेच कॉम्प्युटरला शिकवण्यात माझी आठ वर्षं गेली. आता त्यानं तुझ्या पोलिओ डोसाच्या फेरीचा रस्ता काढलाय, कागद सोबत आहे. तुझ्यासारखी घरोघर फिरणारी आशाताई परीक्षक म्हणून मला कुठे मिळणार? सोळा तारखेला प्राध्यापकपदाची मुलाखत आहे. तुझ्या मुंग्या खऱ्या गावात चालतात का, असं कुणीतरी विचारणारच. काय होईल ते खरं खरं कळव.

तुझी माया अशीच राहू दे,
पायल

ता. भोकरदन,
९ डिसेंबर

चि. पायलला आत्याचा जयभीम आन् लई आशीर्वाद.

तुझा रस्ता बराबर निघाला. एरवी पुरा दिवस जातो, औंदा बारालाच फेरी संपली. पण पोरी, एकोणीस घरांना कुलूप! बाया कापूस वेचायला गेल्त्या, लेकरं सोबत. तुझ्या मुंग्या कुलपाला वास लावून आल्या. मंग कागद पिशवीत टाकला, शेताशेतानं हिंडले, बांधावर डोस पाजले. एकबी लेकरू सोडलं न्हाई. तुझे बाबा म्हणाले, मुलाखतीआधी कळवू नको, पोरगी खचंल. मी म्हटलं, तिनं खरं मागितलंय.

रागावू नको, जिवाला जप.
तुझी आत्या

पुणे,
१८ डिसेंबर

ती. आत्यास सप्रेम जयभीम.

झाली! निवड झाली! तुझं पत्र दोनदा वाचलं. ती एकोणीस घरं लपवावीत, असं मनात आलंही. पण मुलाखतीत तुझं पत्रच वाचून दाखवलं. कुलपाच्या ओळीला समितीतले सगळे हसले. मधोमध बसलेल्या बाईंनी मात्र पेन खाली ठेवून विचारलं, की मग आता काय करणार? मी म्हणाले, बंद दाराकडची वाट पुसट व्हायला हवी, आणि अंतराबरोबर बायकांच्या कामाच्या वेळाही धरायला हव्यात. पुढची चाळीस मिनिटं फळ्यावर काय काय लिहिलं, आठवतसुद्धा नाही! रुजू होण्याआधी आठ दिवस तुझ्याबरोबर हिंडून घरोघरच्या वेळा लिहून घेणार आहे. बाबांना सांग, खचले नाही.

तुझ्या लोभातली,
पायल

ता. भोकरदन,
२३ डिसेंबर

चि. पायलला जयभीम.

तुझं पत्र विहारात सगळ्यांपुढं वाचलं. तुझे बाबा रडले, पण कबूल करून न्हाई राह्यले. शेजारची झुंबरबाई म्हणे, दिवस उगवायच्या आत आम्ही शेतात. घरी येऊन वेळा विचारंल कुणाला? पाहिजे तर आमच्यासंगं वेचणीला चल म्हणावं. तुझ्या वतीनं मी हो म्हणून टाकलं. बाया तुझ्यासाठी कापसाची झोळी शिवून राह्यल्या. जल्दी ये.

वाट बघणारी,
आत्या