तू दिलेल्या गाडीची थरथर

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या वेळी शब्दशः घ्यावा. दुरुस्तीला जाण्याआधी पंधरवडाभर तुझ्या गाडीखाली काय गळतंय ते बघण्यात माझी आठही अंगं जमिनीला टेकलेलीच होती.) तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींची बाग फुलली असेल. तुमच्याकडे हवा चांगली, शेजार चांगला आणि मुख्य म्हणजे आम्ही लांब, तेव्हा तब्येती उत्तम असणार हे धरूनच चालतो. इकडे आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे.

आठ महिन्यांपूर्वी गाव सोडताना तू चार नातेवाइकांसमोर गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवलीस, ते आठवत असेल. "आईला न्यायला-आणायला. ऑटोमॅटिक आहे. क्लच नाही, गिअर नाही, डोक्याला ताप नाही." आत्याने डोळे पुसले. मामा म्हणाले, मोठा भाऊ असावा तर असा. मीही तेच म्हणालो. (मी माझे शब्द मागे घेतो. मामांचं मामांनी बघावं.) त्या दिवसापासून तू आईसाठी गाडी दिलेला मुलगा झालास आणि मी नुसता ती चालवणारा.

पहिल्याच आठवड्यात गाडी थरथरू लागली. उभी असताना नाही, हळू जाताना नाही; बरोबर साठच्या आसपास, पाय हलका ठेवून निवांत चाललेलो असताना. खडबडीत पत्र्यावरून चालल्यासारखी ती कापायची, मागच्या सीटवर आईची कवळी वाजायची, आणि मग सगळं आपोआप थांबायचं. टायरवाल्याने चाकं बॅलन्स केली. थरथर तशीच. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने प्लग बदलले, मग इंजिनखालची रबरं बदलली. थरथर तशीच, फक्त आता नव्या रबरांवर. तिसऱ्याने गाडीला कॉम्प्युटर जोडला आणि कॉम्प्युटर म्हणाला, काही बिघाड नाही. तुझी भावजय म्हणाली, बिघाड तुमच्या पायात आहे. मला ते इतकं पटलं की मी डॉक्टरांकडे जाऊन हात-पाय तपासून आलो. त्यांनी चहा बंद केला. (अजून बंद आहे. या पत्रातला कडवटपणा काही अंशी त्याचाही समजावा.)

मग तो गुरुवार आला. पुलाच्या चढावर मी पाय दाबतोय, इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. अंगात आलेल्या माणसासारखा नुसता आवाज. मागे शंभर हॉर्न. मी एकट्याने ढकलून गाडी कडेला लावली. पलीकडच्या बाजूला दोघे उभे होते, त्यांनी ढकलायचं कसं ते मला लांबूनच सांगितलं. शेवटी गाद्या पोचवणाऱ्या एका टेम्पोवाल्याला दया आली. आपली आई डायलिसिसला सहा गाद्यांवर आडवी होऊन गेली. म्हणाली, "इतक्या सुखाने मी कधीच प्रवास केला नव्हता." पण पोचायला पाऊण तास उशीर झाला, पुढच्या पेशंटसाठी मशीन वेळेवर सोडावं लागलं, आणि आईचं त्या दिवशीचं डायलिसिस अर्धवट राहिलं. दोन दिवस तिचे पाय सुजलेले होते. हे तुला फोनवर सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा तू बागेत होतास.

गाडी टोचन करून गिअरबॉक्सवाल्या बाईंकडे नेली. साठीच्या बाई, गळ्यात दोरीला चष्मा, नखांत तेल, बोलणं मोजकं. त्यांनी काही खोललं नाही. आधी तेलाची पट्टी ओढून कागदावर थेंब सोडला. तेल काळं, वास करपल्याचा. कमी पडलेलं तेल भरल्यावर गाडी कशीबशी हलली, तेव्हा मला शेजारी बसवून बाई बाहेर रस्त्यावर निघाल्या. साठला थरथर आली. त्यांनी डाव्या पायाने ब्रेकला जेमतेम स्पर्श केला; थरथर गेली. पाय काढला, परत आली. तीनदा केलं.

"ब्रेकला बोट लावलेलं टायरला कळतं का?" बाई म्हणाल्या. "हे कन्व्हर्टरचं दुखणं आहे."

मग त्यांनी मला समजावलं, ते तुलाही सांगतो. (तुला माहीत आहे हे मला माहीत आहे, तरी सांगतो.) या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे समज, मध्ये तेल. एक फिरला की तेलाच्या जोरावर दुसरा फिरतो. वेग आला की आतली एक चकती दोघांना घट्ट बांधते. आपल्या गाडीत ती चकती झिजली होती. धरायची, सुटायची, धरायची, सुटायची. ब्रेकला पाय लागला की गाडी स्वतःच ती सोडून देते, म्हणून थरथर थांबते. गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं खोललं तर आतल्या लोहचुंबकाला लोखंडाचा चुरा मिशीसारखा चिकटलेला.

पुढचं मात्र मी ऐकायला नको होतं. बाईंनी नंबरप्लेटकडे पाहिलं, चष्मा लावला आणि कपाटातून वही काढली. हीच गाडी, हीच थरथर, हाच ब्रेकचा प्रयोग. निदान: कन्व्हर्टर बदलणे, नाहीतर रस्त्यात दगा देईल. खाली मालकाचा निरोप: "आत्ता राहू द्या, गाडी देऊनच टाकायची आहे." तारीख किल्ली देण्याच्या नऊ दिवस आधीची. खाली तुझी सही, ती लांब शेपटीची. आत्याने डोळे पुसले तेव्हा तुझ्या खिशात हे निदान होतं, दादा.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं, तिला धक्का बसेल. ती औषधाच्या गोळ्या डबीत भरत होती. म्हणाली, "ठाऊक होतं मला. त्यानेच सांगितलं होतं, याला बोलू नकोस, उगाच घाबरेल म्हणून." मी विचारलं, मग तू आठ महिने त्या गाडीत गप्प का बसलीस? तर म्हणते, "मला वाटलं, माझ्यापुरती चालेल."

यावर काय बोलायचं ते तुला सुचलं तर कळव.

तुझा धाकटा

ता. क. कन्व्हर्टर बदलून झाला, गाडी आता लोण्यासारखी चालते. पण ती चालवायची कोणी? पुलावर ढकलताना माझ्या पोटात काहीतरी सरकलं, त्याला हर्निया म्हणतात. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे आणि नंतर सहा आठवडे मला गाडीला हात लावायचा नाही. तेव्हा तू रविवारपर्यंत ये. ड्रायव्हर पाठवू नकोस. तू ये. ब्रेकला पाय कधी लावायचा ते बाईंनी तुला शिकवलेलंच आहे.

ता. क. २. आई शेजारी बसून लिहायला सांगते आहे, ते जसंच्या तसं: "गाडी उत्तम आहे, माझी तब्येत ठीक आहे, गुडघे सांभाळ, उगाच येण्याची दगदग करू नकोस." मी लिहिलं की नाही हे तिला बघायचं आहे, पण चष्मा सापडत नाही. तो माझ्या खिशात आहे. ये.