वारज्याच्या उतारावरची भिंत

३ जुलै २०२५

स्वतःच्या हाताने केलेल्या गोष्टी, एकदा लिहून ठेवतो. द्रासजवळ नाल्यावरचा लाकडी पूल, बावीस फूट — जुलै ९९, पलीकडून गोळे पडत असताना. बंकर, मोजून सतरा. मैनाच्या स्वयंपाकघरातला ओटा. कडप्पा मीच घासला. येरवड्याच्या या घराची सगळी नळजोडणी — अकरा वर्षांत एक थेंब गळालेला नाही. इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगची चाळीस शीट्स, पेन्सिलने, खाडाखोड शून्य.

त्या चाळीसच्या चाळीस वर्गातल्या केदारने जीटी मारल्या. काचेखाली दिवा, वर माझी शीट, तिच्यावर त्याचा कोरा कागद — झाला इंजिनिअर! तेव्हा मी छत्तीसचा, सतरा वर्षं फौजेत काढून आलेला. तो अठराचा. आज वारज्याच्या साइटवर गाडीतून उतरला. पांढरे बूट. "काका, कसे आहात?"

तो स्ट्रक्चरल कन्सल्टंट. मी साइट इंजिनिअर. भिंतीचं डिझाइन त्याचं, उभी केली मी. बिल्डर विश्वजीतशेठ त्याला 'सर' म्हणतात. मला 'फौजी'.

७ जुलै

पाऊस पाच दिवस थांबलेला नाही. टेकडी कापली, तिची माती अडवायला ही भिंत — अठरा फूट उंच. पायथ्याशी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, बावीस.

तिथली इंदुबाई मला काम थांबवून विचारते, "सायेब, टेकडीवर एवढं पाणी पडतंय, अन् भिंतीतनं थेंब नाय. जातंय कुठं?"

म्हटलं, "भिंत पक्की असली की थेंब येत नाही, बाई. तुम्ही घमेलं उचला."

आता हिच्याकडूनच शिकायचं राहिलं होतं!

९ जुलै

ओळंबा लावून पाहिला. मधोमध भिंत बाहेर आली आहे. नऊ मिलिमीटर.

१० जुलै

सतरा.

केदारला फोन केला. "काका, डिझाइन सेफ आहे, मी डबल चेक केलंय. मागचं पाणी निघतंय ना?" विषय बदलतो! सळई कमी धरली पोराने, दुसरं काय.

फोन ठेवला आणि कॉलेज आठवलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर — "हवालदारसाहेब, इथे अंदाजपंचे चालत नाही हो." मागे पोरं खिदळली. त्यांच्यात केदार. बारावी मी बराकीत एकट्याने केली, क्लास नाही, मास्तर नाही. गणितं वहीवर कमी, जमिनीवर खडूने जास्त. शेवटच्या वर्षी वर्गात पहिला आलो. नोकरीच्या मुलाखतीत एकच प्रश्न — "वय?" मिनिटात बाहेर. केदारला दोन कंपन्यांनी बोलावलं.

अंदाजपंचे कोण, ते आता भिंतच सांगेल.

११ जुलै

सव्वीस!

शेठकडे गेलो. म्हटलं, खोल्या आजच्या आज हलवा. शेठ चहा पीत होते. त्यांच्या वडिलांची, गेनबांची, इथेच ज्वारी होती. आता हे टॉवर बांधतात. "फौजी, कारगिलला बी असंच भीत व्हता का? स्लॅबचा माल सांगून ठेवलाय. माणसं हलवली म्हंजी माझं दोन दिवस गेलं."

"तिथे गोळी समोरून यायची, शेठ. पगार देणाऱ्याकडून नाही."

परवानगी मागायची ती मागून झाली होती. नटबोल्टचे पाने घेतले आणि स्वतः पत्रे सोडायला लागलो. इंदुबाईने बाकीच्यांना हाका मारल्या. दिवस मावळायच्या आत बावीस बिऱ्हाडं बी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. नव्या फरशीवर चुली पेटल्या म्हणून शेठ लालबुंद. होऊ देत.

१२ जुलै

सकाळी सहा चाळीसला साठ फूट लांबीची भिंत खाली आली. रिकाम्या जागेवर. माणूस एकही नाही. चिखलात एक सायकल आणि इंदुबाईच्या दोन कोंबड्या गेल्या.

केदार धावत आला. पांढरे बूट घोट्यापर्यंत चिखलात — बरं झालं! सगळ्यांसमोर सुनावलं. "जीटी मारून भिंत उभी राहत नाही रे! कागद चुकला तर दुसरा मिळतो. इथे माणसं झोपत होती!"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. एवढंच म्हणाला, "काका, एकदा ड्रॉइंग बघा. प्लीज."

इंदुबाई पाया पडायला वाकली. "देवानं धाडला तुमास्नी." मी मागे सरलो. पण खोटं कशाला लिहू — आवडलं. बातमी माझ्या आधी घरी पोचली. मैनाने शिरा केला होता.

१३ जुलै

उद्या महापालिकेचे इंजिनिअर येणार. केदारविरुद्ध पुरावा काढायला बसलो.

आधी त्याचं ड्रॉइंग. दर पाच फुटांवर भिंतीत भोक, मागचं पाणी निघायला. भिंतीमागे दगडगोट्यांचा थर, पाणी भोकापर्यंत यायला. सळई माझ्या हिशेबापेक्षा जास्तच.

मग साइटचं रजिस्टर. १८ फेब्रुवारी. "पाया कातळावर. कातळ पूर्ण कोरडा. भोके व दगडी थर रद्द. अनावश्यक पुस्तकीपणा." खाली माझी सही. अक्षर सुरेख.

'आठवत नव्हतं' असं लिहिणार होतो. आठवत होतं. ती ओळ लिहिताना मी हसलो होतो — पोराने कुठल्यातरी पुस्तकावरून हेही जीटी मारलं असणार म्हणून. फेब्रुवारीत कातळ कोरडाच असतो. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पाणी जातंय कुठं, हे इंदुबाईलाही कळलं. तिला मी घमेलं उचलायला लावलं.

मैना म्हणाली, "अहो, असे काय बसलात? सगळे तुमचं कौतुक करतायत."

"तेच ऐकतोय," म्हटलं.

१४ जुलै

सकाळी शेठ घरी आले. बूट दाराबाहेर काढले, 'रामदासराव' म्हणाले — दोन्ही पहिल्यांदाच. ते पान त्यांनीही वाचलं होतं. मी ते फाडायचं, भिंत केदारच्या डिझाइनने पडली असं लिहून द्यायचं. त्याबदल्यात त्यांच्या पाचही साइट्सचा प्रमुख मी, आणि वर रोख. नाही म्हणालो. अकरा वाजता रजिस्टर महापालिकेच्या इंजिनिअरच्या हातात दिलं, तेच पान उघडून.

रोख पंचवीस लाख होते.