नेस्टाच्या नावाचा नंबर

एबरायरन, वेल्स
३ मार्च १९९६

ती. नेस्टाताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या नडगीच्या हाडाला तडा गेल्याचं आईकडून कळलं. वाईट वाटलं. पण खरं सांगू? पुढच्याच क्षणी मनात आलं, आता हिच्या नंबरचं काय? लंडनच्या मॅरेथॉनच्या सोडतीत मी पाच वर्षं अर्ज टाकतेय आणि पाच वर्षं नकाराचं पाकीट येतंय. तू गंमत म्हणून एकदाच अर्ज केलास आणि तुझं नाव निघालं! ताई, तुझ्या नावावर मला पळू दे. आपल्या दोघींत पोस्टमनसुद्धा अजून फसतो.

माझ्या आजाराची काळजी नको. डॉक्टर म्हणाले, तुझं शरीर स्वतः पुरेसं स्टेरॉइड बनवत नाही, तर त्या दिवशी त्याची गोळी जास्त घे नि पळ. आईला मात्र कळू देऊ नकोस, खाटेला बांधून ठेवील मला.

रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझीच,
लोव्री


लुईशम, लंडन
१० मार्च १९९६

चि. लोव्रीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र इड्रिसला दाखवलं, तर नवरोजी म्हणाले, दोघी बहिणी सारख्याच वेड्या. नंबर दुसऱ्याला द्यायला मनाई आहे ती काय उगीच? त्याचं पटलं. तरी तुझी ती पाच पाकिटं डोळ्यांपुढून हलेनात.

देते बाई. ओळखपत्र दाखवून नंबर मीच घेऊन येईन, लंगडणं लपवून. पण गोळ्या खिशात ठेव, आणि जरा गरगरलं तरी खाली बस. पदक गेलं खड्ड्यात. मला भीती वाटतेय, लोव्री. हाडाच्या दुखण्यापेक्षा तीच जास्त छळतेय.

जपून राहा, आणि ताईवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
नेस्टा


लुईशम
२८ एप्रिल १९९६

चि. लोव्रीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलीस ना? हॉस्पिटलात तुझ्या उशाशी बसून जे बोलवलं नाही, ते लिहिते.

नंबरच्या मागे नाव, घरचा फोन आणि आजार लिहावा लागतो. नंबर वाटणाऱ्या बाईंसमोर मी माझं नाव लिहिलं, आमच्या घरचा फोन लिहिला, आणि आजार काही नाही असं लिहिलं. घरी ते बदलू म्हटलं, तर तू म्हणालीस, खाडाखोड दिसली तर पकडतील. आजाराची माहिती कोरलेलं कडंही तू हातातून काढलंस, त्यावर तुझं नाव म्हणून. मी पाहिलं आणि बोलले नाही.

शर्यतीच्या रविवारी फोन इड्रिसनं घेतला. नंबर शेवटी तुला दिल्याचं त्याला मी सांगितलंच नव्हतं. तुमची बायको नेस्टा बाविसाव्या मैलावर बेशुद्ध पडली, रक्तदाब वर येईना, असं पलीकडची नर्स सांगत होती. तो म्हणाला, बायको तर माझ्यासमोर बसलीय. ती गोंधळली, चुकीचा नंबर लागला असेल म्हणाली. मला सगळं कळलं होतं, लोव्री. आणि मी गप्प बसले. चार-पाच श्वास असतील. आता आपण पकडले जाणार, एवढंच डोक्यात. इड्रिस फोन ठेवायला लागला तेव्हा कुठे मी झडप घातली आणि ओरडले, की ती माझी बहीण आहे, तिला स्टेरॉइडचं इंजेक्शन द्या, आत्ताच्या आत्ता.

ते चार-पाच श्वास माझ्या छातीवरून उतरत नाहीत. जमलं तर क्षमा कर.

तुझी,
नेस्टा


एबरायरन
४ मे १९९६

ती. नेस्टाताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याइतकीच मीही गप्प बसले होते. अठराव्या मैलावरच पाय लटपटत होते. गोळ्यांची पुडी कुठेतरी पडली होती. मदत पथकातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हात धरून विचारलं, की पोरी, तुझं नाव काय, तुला काही होतंय का. तंबूत बसवलं तर नाव विचारणार, म्हणून मी हसले आणि पुढे निघाले. त्यानंतरचं काही आठवत नाही. तेव्हा क्षमा कुणी कुणाला करायची?

संयोजकांना मी सगळं खरं लिहून पाठवलंय, तुझंही नाव घातलंय. दोघींना कायमची बंदी येईल. येऊ दे.

आईला काल सांगितलं. ती ओरडेल म्हणून मी खुर्चीची दांडी घट्ट धरून बसले होते. ती ओरडली नाही. बटाटे सोलत राहिली. सोलता सोलताच म्हणाली, की तू गेली असतीस तर त्यांनी मला नेस्टा गेली असं कळवलं असतं, आणि मी चुकीच्या लेकीसाठी रडत बसले असते. तुझ्यासाठी रडायला तरी मला कधी मिळालं असतं? मग सुरी खाली ठेवून तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मला माझ्या नावानं हाक मारली. पुन्हा पुन्हा मारली.

इड्रिसला नमस्कार. आहोत तशा आम्हाला धरून राहा.

तुझी,
लोव्री