फिकट अक्षरं

प्रिय दीक्षा,

जय भीम. आधी भांडण, खुशाली मागाहून. रंग काढायले तुले कोणी सांगितलं होतं? तुझा नवा प्रोग्राम मागच्या आठवड्यात हापिसातल्या सागरभाऊनं आमच्या कोल्ड स्टोरेजच्या कम्प्युटरवर टाकला, तवापासून त्या काळ्या पडद्यापुढं मी नुसती चष्मा पुसून राहिली. सगळी अक्षरं फिकट. राखेसारखी. कोणती खोली तापली, कोणती बरोबर आहे, काही समजत नाही. मी चौथी शिकलेली बाई. इंग्रजी वाचायले बसली तर तोवर आतल्या हिरव्या सांबाराच्या जुड्या सडते. मी रंग वाचते, हे तुलेच तर माहीत होतं! म्हणून तर तू तो प्रोग्राम माझ्यासाठी केला होता.

किती खपली होती तू तवा. तापलेल्या खोलीचं नाव लाल केलं. अन् पार्बताबाईच्या पाळीत भाजीची खोली लाल झाली, तर ती म्हणते, लाल म्हंजे कुंकवाचा रंग, चांगलंच असंन! पडद्याले हात जोडून चहा पीत बसली. मेथीचा पार चोथा झाला. ओमप्रकाशशेठ माझ्यावर ओरडले, मी पार्बताबाईवर, अन् तू तिकडं पुण्यात फोनवर हसून हसून बेजार. मग तू ती अक्षरं लुकलुकती केली. आता तरी समजंन का पार्बतामावशीले, म्हणे. माझ्या पाळीत माझं नाव निळं येईल असं केलं, आपला निळा म्हणून. तो काळ्यावर दिसेचना. माय, तू तर अंधारात बसली वं, असं म्हणाली अन् आभाळी केला, ठळक केला. तवा कुठं मी दिसली.

तूच मले समजावलं होतं, शब्दाच्या आधी एक खूण टाकली की रंग लागते, शेवटी दुसरी टाकली की बंद होते. बंद करायची राहिली तर खालचं सगळंच रंगते. एकदा राहिली होती तुझी. सारा पडदा लाल, अन् मी चप्पल न घालता सगळ्या खोल्यांचे दरवाजे उघडत पळाली. म्हणून मले वाटलं, याही वेळेस तसंच झालं, फिकटची खूण बंद करायची राहिली. सांगायले फोन केला, तू उचलला नाही. मेसेज आला, माय, आता असंच राहू दे, रंगाची काही गरज नाही. हे तू म्हणते? शाळेत नकाशा रंगवताना समुद्रालेही दोन निळे लावणारी?

जयंतीले आली नाही, काम आहे म्हणाली. फोन लागलाच तर बरं आहे याच्यापुढं बोलणं जात नाही. जेवली का विचारलं तर हाव. काय जेवली तर खिचडी. रोज खिचडीच कशी असते वं?

इकडच्या कामाची चिंता करू नको. दार उघडून, हात आत घालून पायते मी खोल्या. अडत नाही माझं.

परवा शालूमावशीचा प्रीतम सुटीवर अकोल्यात आला. तुझ्याच कंपनीतला, म्हणून मी त्याले बस स्टँडवरच पकडलं. मग बोलला. कंपनीनं तुले उन्हाळ्याच्या आधीच काढलं म्हणे, अन् तू खोलीच्या बाहेर निघत नाही, त्याचाही फोन घेत नाही. नोकरी गेली याचं मले काही नाही, जाते अन् दुसरी लागते. मले सांगितलं काहून नाही, याचा राग आहे. तो भेटल्यावर काढीन. फोन तू उचलत नाही अन् पडद्यावरची अक्षरं तू फिकट केली, म्हणून हे हातानं लिहून पाठवून राहिली. अक्षर वाकडं आहे, पेन मात्र निळा घेतला. पांढऱ्यावर चांगला दिसते. प्रोग्रामचं राहू दे तूर्त. येत्या शनिवारच्या आत तुझा आवाज मले ऐकू आला पाहिजे, अन् बरं आहे म्हणायचं नाही. तू इकडं येते का मी तिकडं येऊ, एवढंच सांगजो. शनिवार गेला, तर रविवारच्या पुण्याच्या गाडीत मी बसलीच समज. माझी पाळी पार्बताबाईले सांगून ठेवली आहे.

तुझीच,
माय